तांबड्या मुठीवरचा नाडा

अण्णा कामावरून आले की दारातच थांबायचे. चपला पायात, डब्याची पिशवी हातात, मान थोडी वाकडी, आणि घरातल्या आवाजांची हजेरी घेऊन झाल्याशिवाय आत पाऊल नाही. छताचा पंखा, आईचं शिवणयंत्र, स्टोव्ह, शेजारच्या खोलीतला मिक्सर. "बॉबिन घासतेय," असं काहीतरी बोलत ते उंबरा ओलांडायचे आणि आई म्हणायची, "आधी हातपाय धुवा, मग माझ्या मशीनला नावं ठेवा." पण तेल घातलं की मशीन खरंच गप्प व्हायचं. करी रोडच्या आमच्या चाळीत कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाचा पाण्याचा पंप धापा टाकू लागला की आधी तांबेअण्णांना हाक जायची. ते नुसते कान लावायचे आणि सांगायचे. पैसे कधी घेतले नाहीत, चहा मात्र कधी नाकारला नाही. त्यांचा कान गिरणीच्या इंजिनघरात तयार झाला होता. गिरणी बंद पडल्यावर शिवडीला, गोदीच्या बाजूच्या एका गल्लीत, बोटींची आणि जनरेटरची डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात ते लागले आणि चार-पाच वर्षांत पाळीचे मुख्य झाले.

आमची खोली दहा बाय बाराची. एका भिंतीला आईचं यंत्र, दुसरीला माझी अभ्यासाची फळी, तिसऱ्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली मेणबत्ती लावून लावून काळा पडलेला कोनाडा. घरात देवदेव नव्हता. उपास नाही, नवस नाही, मांजर आडवं गेलं तर अण्णा मुद्दाम दोन पावलं जोरात टाकायचे. ते विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. इंजिनाशेजारी आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज मोठा, म्हणून दसऱ्याला देवपूजा सोडल्याच्या बावीस प्रतिज्ञा वाचून दाखवायचं काम दर वर्षी त्यांच्याकडेच. ते एकेक ओळ म्हणायचे आणि मागून सगळा विहार म्हणायचा. मला त्या आवाजाचा फार अभिमान होता. आजही वाटतो, पण आता त्यात दुसरं पुष्कळ मिसळलं आहे.

कारखान्यात त्यांचा जोडीदार म्हणजे परबकाका. मालवणकडचे, बुटके, सदा तोंडात सुपारी. ते फिटर, अण्णा मुख्य, पण हुकूम बहुतेक वेळा परबकाकाच सोडायचे. दुपारी दोघे डबे बदलायचे. काकीच्या हातचं बांगड्याचं तिखलं अण्णा खायचे आणि आईची सुकटीची चटणी नि तांदळाची भाकरी परबकाका. ही अदलाबदल आमच्या आईला ठाऊक होती, परबकाकीला नव्हती. परबकाका डबा घरी नेण्याआधी स्वतः घासून न्यायचे. "माझी बायको देवभोळी आसा, तिका कित्याक त्रास?" असं ते हसत म्हणायचे आणि अण्णाही हसायचे. मी ते हसणं ऐकलं आहे. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

घरी अण्णा मला इंजिनाबद्दल खूप सांगायचे. मी अकरावीला सायन्सला होते आणि चाळीतली सायन्सला गेलेली पहिली मुलगी, तेव्हा त्यांना माझ्याशी बोलताना वेगळाच हुरूप यायचा. एकदा त्यांनी मला ट्रिप, म्हणजे इंजिन आपोआप बंद पाडणारी सोय, समजावून सांगितली. इंजिनाचा वेग हद्दीत ठेवतो तो गव्हर्नर. पण गव्हर्नरच बिघडला तर? डिझेल भसाभस आत जात राहतं, इंजिन वेड्यासारखं पळत सुटतं आणि स्वतःच्याच वेगाने फुटतं. "मग त्याला आवरायला कोण?" अण्णांनी विचारलं. फिरणाऱ्या दांड्यात बोटाएवढा एक बोल्ट असतो, स्प्रिंगने आत दाबून धरलेला. वेग प्रमाणाबाहेर गेला की तो बोल्ट स्प्रिंगला न जुमानता बाहेर येतो आणि एका खटक्याला ठोकर मारतो. खटका सुटला की तांबडी मूठ खाडकन खाली पडते, डिझेल बंद, इंजिन जागच्या जागी ठार. "पण बोल्ट बाहेर का येतो?" मी विचारलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरून मला उभं केलं आणि त्या एवढ्याशा खोलीत आम्ही फुगडी घातली. वेग वाढला तशी मी मागे मागे ओढली जाऊ लागले, आई "अहो, स्टोव्ह!" म्हणून ओरडली आणि आम्ही हसत थांबलो. "बघितलंस? कुणी ढकललं तुला?" अण्णा म्हणाले. पुढे मी महापालिकेच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्तुळाकार गतीचा धडा आला की मुलींना फुगडी घालायला लावायची. त्या खिदळायच्या आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची.

दुरुस्त झालेलं इंजिन कारखान्याबाहेर पडण्याआधी ते मुद्दाम जास्त पळवून ट्रिप पडते की नाही हे बघण्याचा नियम होता. ती परीक्षा अण्णा स्वतः घ्यायचे. बाकीच्यांना लांब उभं करायचे, एक हात घड्याळावर, कान इंजिनावर. मूठ पडली की मग चहा. ती मूठ पडल्याचा आवाज जगातला सगळ्यात चांगला आवाज आहे असं ते म्हणायचे.

कारखान्यात खंडेनवमीची पूजा मोठी व्हायची. सगळी यंत्रं धुऊनपुसून, हार घालून, झेंडूची तोरणं लावून सजवायची, हळदकुंकवाची बोटं ओढायची आणि प्रत्येक यंत्राला नाडा बांधायचा, तोच पूजेचा लालपिवळा सुती धागा. शेठ सहकुटुंब यायचे, कामगारांच्या घरच्यांनाही त्या दिवशी आत सोडायचे. अण्णा दर वर्षी आरती संपेपर्यंत फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उभे राहत. लोकांना सवय झाली होती. पण एका वर्षी कुणीतरी इंजिनाच्या पंख्यात अडकेल असा हार घातला होता आणि अण्णांनी पूजा चालू असतानाच तो ओढून काढला. त्यावर केवढा गहजब झाला. "तांबेला आमचा देव बघवत नाही," असं बोललं गेलं. दोन महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे लोक. तेव्हापासून पूजेची कुठलीही वस्तू अण्णा स्वतः हलवत नसत. परबकाकांना सांगत आणि ते काढत. दोघांनी मिळून बसवलेली ती रीत होती आणि ती चांगली चालली होती.

त्या वर्षी मी हट्ट धरला की मला इंजिन बघायचंय. आई नको म्हणाली. अण्णा म्हणाले, "इंजिन बघायला चाल. पूजेशी आपला संबंध नाही." फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी मला परबकाकांच्या हवाली केलं आणि स्वतः टपरीवर थांबले. आत मध्यभागी एका बोटीचं मोठं इंजिन चाचणीच्या कट्ट्यावर चढवलेलं होतं, राखाडी रंगाचं, माझ्या छातीएवढं उंच. दसऱ्यानंतर लगेच त्याची परीक्षा होती. परबकाकांनी मला सगळीकडून फिरवून दाखवलं. गव्हर्नर कुठला, पंप कुठला, आणि ती तांबडी मूठ. अण्णांच्या तोंडून इतकं ऐकलेली मूठ प्रत्यक्षात किती लहान होती, आमच्या नळाच्या चावीपेक्षा थोडी मोठी. मला ती फारच आवडली.

तेवढ्यात शेठच्या बाई म्हणाल्या, नाडा एखाद्या कुमारिकेच्या हातून बांधू या. परबकाकांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला पुढे केलं. "ये गो चेडवा. तुज्या हातान बांद." मला आठवतं, दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण शेठच्या बाईंना मी कोण हे ठाऊक नव्हतं, त्यांनी हसून नाड्याची गुंडी माझ्या हातात दिली. आमच्या चाळीच्या पलीकडच्या बाजूला ज्या मुलींकडे मी खेळायला जायची, त्यांच्या घरी हळदीकुंकू असलं की मी खालच्या पायरीवर बसायची. कुणी जा म्हणायचं नाही, ये पण म्हणायचं नाही. आणि इथे तीस माणसं माझ्या हाताकडे बघत उभी होती. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी ना प्रतिज्ञा आठवल्या ना अण्णा. मला फार, फार बरं वाटलं.

"कुठे बांधू?" मी विचारलं. "खंयव बांद गो, सगळा इंजिन देवाचाच," काका म्हणाले आणि आरतीचं तबक घ्यायला वळले. मी अर्थातच तांबडी मूठ निवडली. पण तिला तेलाचा हात होता, नाडा सारखा घसरून खाली यायचा. म्हणून मी तो मुठीशेजारच्या तांब्याच्या नळीवरून फिरवून घेतला. पाच वेढे दिले आणि वर गाठ मारली. आई शिवणाचे गठ्ठे बांधायची तशी, ओढून दुहेरी. मूठ कशासाठी असते हे त्या कारखान्यातल्या निम्म्या माणसांपेक्षा मला चांगलं माहीत होतं. ती पडायची असेल तर मोकळी असायला हवी, एवढं समजायला सायन्सला जावं लागत नाही. पण ते माझ्या डोक्यातच आलं नाही. आजवर मी या गोष्टीला अनेक बाजूंनी भिडले आहे आणि दर वेळी इथेच येऊन आपटते.

आरती संपल्यावर अण्णा आत आले. आल्या आल्या इंजिनाभोवती चक्कर मारली, ही त्यांची सवयच. मुठीपाशी थांबले. खिशातून पक्कड निघाली. मी धावत गेले आणि म्हणाले, "अण्णा, मी बांधला! मला बांधायला दिला!" पाठीमागून शेठ म्हणाले, "तांबे, तुमची मुलगी काय? फार शुभ हात आहे हं." आजूबाजूचे सगळे आमच्याकडे बघत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग नाड्याकडे, आणि पक्कड परत खिशात गेली. परबकाकांच्या जवळ जाऊन ते हळू आवाजात म्हणाले, "परवा चालू करायच्या आधी हे काढ." परबकाका म्हणाले, "व्हय, व्हय." मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे तो दीक्षेचा दिवस. पांढरे कपडे, घरोघर खीर, विहारात पाय ठेवायला जागा नाही. अण्णांनी त्यांच्या त्या आवाजात प्रतिज्ञा वाचल्या आणि मी सगळ्यांबरोबर म्हटल्या. मध्ये एकदा आमची नजरानजर झाली. ते रागावले होते असं नाही. थोडेसे ओशाळल्यासारखे दिसले आणि ओळ वाचताना एकदा अडखळले. ते कधी अडखळत नसत.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितलं, कारखान्यात इंजिन फुटलं, आई परळच्या इस्पितळात गेली आहे. मी तिथेच जिन्यावर बसले आणि अण्णा मेले असं धरून चालले. संध्याकाळी ते आईबरोबर चालत आले. अंगावर खरचटल्याशिवाय काही नव्हतं, पण शर्ट रक्ताने भरलेला. ते रक्त परबकाकांचं होतं. त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला होता.

काय घडलं ते अण्णांनी मला एकदाच सांगितलं. बोटवाल्यांची घाई होती, दोन माणसं छातीवर येऊन बसली होती. ट्रिपच्या परीक्षेआधी विजेचा भार देऊन बघायचा होता, म्हणून अण्णा लांब विजेच्या बोर्डापाशी, परबकाका इंजिनापाशी. नाडा काढलास का, हे अण्णांनी विचारलं नाही, कारण काकांनी तो दर वर्षी काढलेला असायचा. आणि काकांनी या वर्षी तो काढला नव्हता. हार काढतात, तोरण काढतात, पण कुमारिकेच्या हातचा नाडा कापायचा नसतो, तो आपण होऊन गळून पडू द्यायचा असतो, असं त्यांच्याकडे मानतात. माझ्या हातचा होता म्हणून त्यांनी तो ठेवला. अण्णांनी पूजेचा होता म्हणून ठेवला होता. बोर्डावरचा भार काढला तेव्हा गव्हर्नरची कडी निखळली आणि इंजिन पळत सुटलं. आवाज चढू लागला. अण्णा मूठ पडायची वाट बघत राहिले. एक क्षण, दोन क्षण. मग त्यांना कळलं. ते गोणपाट घेऊन हवेच्या तोंडाकडे धावले, श्वास कोंडून इंजिन मारायला. परबकाका मुठीकडे धावले. त्यांनी ती हाताने खाली ओढली, ती येईना. मग ते नखांनी नाडा सोडवायला लागले. "गाठ पक्की होती," अण्णा म्हणाले. तेवढंच. तेवढ्यात इंजिनाची कूस फुटली.

आता आमच्या चाळीच्या जागेवर टॉवर उभा आहे आणि मी त्यात एकविसाव्या मजल्यावर राहते. तळघरात जनरेटर आहे. राहायला आले तेव्हा मी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, याची ट्रिप तपासता का? "मॅडम, कंपनीवाला येतो ना, तुम्ही कशाला टेन्शन घेता?" मी दर महिन्याला विचारते. गेल्या दसऱ्याला वॉचमनने जनरेटरला हार घातला, तर मी चपला न घालताच लिफ्टने खाली गेले आणि तो हार तोडून काढला. त्या बिचाऱ्याने हात जोडले. वरच्या मजल्यांवर माझ्याविषयी काय बोलतात ते मला माहीत आहे. म्हातारी कट्टर आहे म्हणतात.

अपघातानंतर दोन दिवसांनी अण्णा मला इस्पितळात घेऊन गेले. वॉर्डाबाहेर बाकावर परबकाकी बसल्या होत्या. मला बघताच उठल्या आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिणाच! हिणाच बांदल्यान! ह्येंचो हात पूजेक लागलो नि माज्या घोवाचो हात गेलो. कोणी सांगितलेलो ह्येंका घेवक?" अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता, तो दगडासारखा झाला. मला राग यायला हवा होता. आमच्यातल्या कुठल्याही मुलीला आला असता. पण बाई जे कारण सांगत होती ते खोटं होतं आणि जे म्हणत होती ते खरं होतं, आणि मी फक्त खाली बघत उभी राहिले.

आत परबकाका शुद्धीवर होते. चेहरा पांढराफटक, सुपारी नसल्यामुळे तोंड रिकामं दिसत होतं. मला बघून हसायचा प्रयत्न केला. मग अण्णांना म्हणाले, "तांब्या, साहेब येतलो चवकशीक. चेडवाचा नाव येता नये. सांग, परबान बांदल्यान."

"परब, तू गप पड," अण्णा म्हणाले.

"माजो एक हात गेलोच आसा. अजून काय जातला?"

"गप पड सांगितलं ना."

अजून काय जाणार होतं ते अण्णांना ठाऊक होतं. शेठने कागद आधीच तयार करून ठेवला होता. परब यांनी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात ओढवून घेतला, असा. अण्णांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली असती तर त्यांची नोकरी राहिली असती आणि परबकाका रिकाम्या हाताने, म्हणजे त्या एका रिकाम्या हाताने, गावी गेले असते. खरं सांगावं, मुलीने बांधला, तर बाहेरच्या पोरीला इंजिनाला हात लावायला कुणी दिला, हा प्रश्न यायचा आणि पुन्हा बोट परबकाकांकडेच जायचं. पाळीच्या मुख्याने स्वतः बांधला म्हटलं तरच दोष कारखान्याचा ठरत होता. मला बांधताना तीस माणसांनी पाहिलं होतं, पण नाडा शेठच्या बाईंनीच हातात दिलेला, तेव्हा शेठ ते काढणार नव्हते आणि शेठपुढे कामगारही नाही. दोन दिवस अण्णा घरात आवाज ऐकेनासे झाले. आईचं यंत्र खरखरत होतं, ते काही बोलले नाहीत. आईने माशांचं कालवण केलं, ते ताटाला हात लावून उठले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. त्यांचं अक्षर वाईट, म्हणून अर्ज-बिर्ज सगळे मी लिहायची. फुलस्केप कागद, निळं पेन. "लिही," ते म्हणाले आणि कारखान्याच्या निरीक्षकाला द्यायचा जबाब सांगू लागले. नाव, हुद्दा, पाळी. मग म्हणाले, "सदर नाडा मी, शांताराम तांबे, याने पूजेच्या दिवशी स्वतःच्या हाताने मुठीस बांधला."

माझं पेन थांबलं. "अण्णा, तुम्ही? लोक काय म्हणतील? विहारात..."

"लिही."

"मी सांगते ना साहेबांना. मला काय करणार आहेत?"

"तुला काही करणार नाहीत. परबला करतील." मग म्हणाले, "सुजाता, अक्षर नीट काढ."

आई यंत्रापाशी पाठ करून बसली होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही, पण तिचा पाय पट्टीवरून खाली आला होता. मी लिहिलं. चांगलं वळणदार लिहिलं. अण्णांनी खाली सही केली.

परबकाकांना त्यांची हक्काची नुकसानभरपाई मिळाली आणि ते काकीला घेऊन गावी गेले. पुढे एक-दोनदा त्यांची डाव्या हाताने काढलेल्या अक्षरांची पत्रं आली, मग बंद झाली. अण्णांना शेठने जबाब दिला त्याच आठवड्यात काढून टाकलं. ते एकवेळ चाललं असतं, त्यांच्या कानाला काम मिळत राहिलं, मंडपांचे जनरेटर सांभाळायचं, लग्नाच्या हॉलचे पंप बघायचं. पण कारखान्यात आमच्या आळीतले दोघेजण होते, पूजेच्या दिवशी कामावर न येणारे, आणि जबाबाची गोष्ट आठ दिवसांत विहारात पोचली. प्रतिज्ञा वाचणारा माणूस, आणि इंजिनाला नाडा बांधतो. कमिटीच्या बैठकीत त्यांना विचारलं, खरं का? ते "हो" म्हणाले. का बांधला? त्यावर काही बोलले नाहीत. नोकरी टिकवायला शेठची हांजी हांजी केली असणार, असं ठरलं. सेक्रेटरीपद गेलं. पुढच्या दसऱ्याला प्रतिज्ञा दुसऱ्याच कुणीतरी वाचल्या, बारीक आवाजात, मागच्यांना ऐकूही येत नव्हत्या. अण्णा चपलांजवळ बसले होते. चाळीतली पोरं सायकल घेऊन यायची, "अण्णा, ब्रेक लागत नाही, जरा नाडा बांधून द्या ना." अण्णा ब्रेक बघून द्यायचे.

आणि मी? सुरुवातीला मी गप्प राहिले ते चौकशी चालू होती म्हणून. मग परबकाकांचं अजून मिळायचं आहे म्हणून. मग ते मिळालं आणि मला गप्प राहायला कारण उरलं नाही, तरी मी गप्पच राहिले. मी शिक्षिका झाले. विहारात माझा सत्कार झाला. दर वर्षी मला भाषणाला उभं करू लागले आणि विषय ठरलेला, अंधश्रद्धा आणि विज्ञान. मी चांगली बोलायची, लोक टाळ्या वाजवायचे. शेवटच्या रांगेत चपलांपाशी अण्णा बसलेले असायचे आणि तेही टाळ्या वाजवायचे. ही गोष्ट लिहिताना मला स्वतःची किळस येते, म्हणून लिहून टाकते.

एकदा मात्र मी विचारलं. अण्णा तेव्हा खूप थकले होते, कानाला नीट ऐकू येत नव्हतं, पंखा कितीही कुरकुरला तरी त्यांना पत्ता नसायचा. मी जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "अण्णा, पक्कड काढली होतीत. कापला का नाहीत?" मला वाटलं, हाराच्या वेळचा तो गहजब सांगतील, शेठचं नाव घेतील. ते म्हणाले, "तू एवढी हसत होतीस."

त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. पुण्यानुमोदनाची सभा विहारातच झाली. पांढऱ्या साडीत मी पहिल्या रांगेत, शेजारी आई. लोक बरेच आले होते, पंखे आणि पंप दुरुस्त करून घेतलेले सगळे. गाथा म्हणून झाल्यावर कमिटीचे सगळ्यात जुने सभासद गायकवाडमामा बोलायला उठले. अण्णांच्या आवाजाविषयी बोलले, कानाविषयी बोलले, गिरणीच्या दिवसांविषयी बोलले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "माणूस सोन्यासारखा," ते म्हणाले. "उभ्या आयुष्यात एकदाच पाय घसरला त्यांचा. पण आता ते सोडून देऊ या. माणूस आहे, होतं कधी कधी." आईने पदराखाली माझं मनगट घट्ट धरलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, आणि धरलेला हात ती सोडत नव्हती. सभागृहात सगळ्यांनी हळूहळू माना हलवल्या. मीही हलवली.